तिच्या माणसांत

“हे कुणाचे?”

पाहणीला आलेल्या बाईंनी खिडकीतल्या बशीकडे बोट दाखवलं. बशीत दातांची अख्खी कवळी, वरची आणि खालची, उन्हात हसत पडली होती.

कवळीकाकाने जीभ चावली. आठवडाभर खपून घर लख्ख केलं होतं. पडदे धुतले होते, दाराची करकर घालवली होती, पंख्यावरची धूळसुद्धा पुसली होती. आणि आदल्या संध्याकाळी घरी आणलेलं काम तो खिडकीतच विसरला होता. हे घर मुलाला राहण्याजोगं आहे का ते बघायला दत्तक संस्थेच्या बाई आल्या, तर त्यांच्या स्वागताला दात!

“माझे नाहीत हं,” कोचावरून आई म्हणाली. “माझे तोंडात आहेत. दाखवू?”

“आई!”

“अरे, त्या बघायलाच आल्यात ना सगळं?”

बाईंनी आधी आईकडे पाहिलं, मग बशीकडे. ओठ घट्ट मिटून त्या हातातल्या कागदांवर काहीतरी लिहायला लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. ते बायकोच्या नजरेतून सुटलं नाही. ती हसली. आणि तिचं हसणं म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारं. मग बाईंचाही बांध फुटला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “इतक्या घरांत गेले मी, पण असं कुणी आधीच हसत बसलेलं नव्हतं.”

कवळीकाकाला गल्लीतली पोरं याच नावाने हाक मारत, आणि पोरांचं ऐकून मोठेही मारू लागले होते. दातांच्या दवाखान्यामागच्या लांबट खोलीत बसून तो कवळ्या घडवायचा. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा पाठवायचे. हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरड्या घडवायचा आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून सगळं चकचकीत करायचा. ज्यांचे दात करायचा ती माणसं त्याला सहसा दिसत नसत. पण रस्त्यात एखादा म्हातारा सफरचंदाचा कडाकडा चावा घेताना दिसला की हा थबकायचा, मान तिरकी करून बघायचा आणि “माझंच काम असावं,” असं पुटपुटत पुढे जायचा.

बायको शहराच्या तलावावर पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्यावरून ओरडायची सवय, त्यामुळे घरातही ती “मीठ दे रे” असं म्हणाली की शेजारचेही मीठ शोधू लागत. आणि आई? तिचं आयुष्य एका मोठ्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तीन माणसांपुरतं सूप करणं काही तिला साधत नसे. उरलेलं सूप गल्लीत वाटत सुटायचं, हे कवळीकाकाचं रोजचं काम.

स्वतःचं मूल होईल याची वाट दोघांनी पुष्कळ पाहिली. मग ते वाट बघणं आपोआप थांबलं. दुखरा दात दुखायचा थांबतो तसं, आणि बऱ्याच दिवसांनी ध्यानात येतं की अरे, आताशा दुखत नाही. पण एकदा तलावावर एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. परदेशातून दत्तक आणलेली, नुकतीच आलेली मुलगी. पोरगी पाण्याला घाबरून आईच्या गळ्याला चिकटली होती आणि कुठल्याशा भाषेत काहीतरी सांगत होती. आईला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. तरी ती “हो गं, हो,” म्हणत पाठीवरून हात फिरवत होती.

बायको त्या दिवशी घरी आली ती ओल्या केसांनीच. जेवताना तिने एकदम विषय काढला. “इथे माणसं मुलांसाठी रांगेत उभी आहेत, आणि तिकडे त्या देशात मुलं माणसांसाठी रांगेत उभी आहेत. ही काय व्यवस्था झाली?”

“म्हणजे?” कवळीकाकाने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

“म्हणजे आपण का नाही?”

त्याने आईकडे पाहिलं. परका देश, परकी भाषा, कुणाचं कोण. आई काय म्हणेल याचा त्याला धसका होता. आईने चमचा खाली ठेवला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, “पोरीला सूप चालतं का तेवढं विचारून घ्या म्हणजे झालं.”

मुलगीच येणार हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पाहणी पार पडली, कागद गेले, शिक्के बसले, आणि वाट बघायचा नवा हंगाम सुरू झाला. या वाट बघण्याचा कारभार आईने हातात घेतला. तिचा देवावर विश्वास होता. देवाशी ती बोलायची तेही शाळेला भाजी पोचवणाऱ्या माणसाशी बोलावं तसं. आदराने, पण कसलीही सूट न देता. रात्रीचं जेवण झालं की ती तिथेच ताटावर हात जोडून डोळे मिटायची.

“देवा, तुला सांगितलेलं काम अजून झालेलं नाही. आठवण करून देते. पोरीला तिच्या माणसांत पोचव. सांभाळून. वाटेत गारठा लागू देऊ नकोस.”

बायको हलक्या आवाजात “तसंच होऊ दे,” म्हणायची. दिवसभरातलं तिचं एवढंच काय ते हलक्या आवाजातलं बोलणं. कवळीकाका गप्प बसायचा. त्याचं देवाशी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. पण आईचं बोलणं संपेपर्यंत तो हात धुवायला उठत नसे.

आणि एके दिवशी पाहणीच्या बाई स्वतः फोटो घेऊन आल्या. आता त्या घरच्यासारख्याच झाल्या होत्या. दारातूनच “सूप आहे का?” असं विचारत येत.

फोटोत पाच वर्षांची एक मुलगी होती. जाडजूड स्वेटर, कपाळावर वेडेवाकडे कापलेले केस. तोंड घट्ट मिटलेलं आणि मुठीत एक चमचा, जणू कुणी हिसकावून घेईल म्हणून धरलेला.

फोटो हातोहात फिरला. शेवटी आईने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“आपलीच आहे,” ती म्हणाली. “चमचा बघा कसा धरलाय.”

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं ‘आपली’. खरं नाव कागदावर होतं, पण जिभेवर आलं ते हेच. बाहेर थंडी पडली की “आपलीकडे बर्फ असेल का रे?” रस्त्यात पोरांचा गोंगाट ऐकला की “आपली आली की यांच्यात खेळेल.” बायकोने तलावावर छोट्या मापाचा पोहण्याचा पोशाख बाजूला काढून ठेवला. आईने तिच्यापुरतं सूप रोज जास्तीचं टाकायला सुरुवात केली. ते आधीच जास्तीचं होतं, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही, पण तिला समाधान वाटलं.

“तिची भाषा शिकायला पाहिजे,” कवळीकाका म्हणाला. “ती आली आणि तिचं पोट दुखलं, तर आपल्याला कळणार कसं?”

त्या देशातली एक बाई दोन गल्ल्या सोडून कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवायची. सगळे तिला शिवणताई म्हणत. तिच्या दुकानात, हँगरला लटकलेल्या दुसऱ्यांच्या पँटींच्या खाली बसून, तिघांची शाळा सुरू झाली. भूक लागली का, कुठे दुखतंय, घाबरू नको, मी इथेच आहे. शिवणताई मशीन चालवता चालवता एकेक वाक्य म्हणायची आणि हे तिघं ते घोकायचे. कवळीकाकाची जीभ बरी वळायची, दातांचं शास्त्र ठाऊक असल्यामुळे असेल. बायको मोठ्याने म्हटलं की बरोबर होतं अशा समजुतीत होती.

आईचं मात्र एका वाक्यावर घोडं अडलं. “झोप आली का?” असं तिला म्हणायचं होतं. तिने म्हटलं, आणि शिवणताईने मशीन थांबवून कपाळाला हात लावला.

“आजी, तुम्ही विचारताय, ‘गाढव आलं का?’”

“मग नीट सांगा ना.”

शिवणताईने नीट सांगितलं. आईने परत म्हटलं. परत गाढवच आलं. दुकानात पँट घ्यायला आलेला एक गंभीर चेहऱ्याचा माणूस, तोही त्याच देशातला, भिंतीकडे तोंड करून हसायला लागला.

“असू दे,” आई शांतपणे म्हणाली. “पोरीला झोप आल्याशी मतलब.”

महिने गेले. त्या देशात सरकार बदललं आणि कागदांची चाल मंदावली. एक न्यायाधीश रजेवर गेले, दुसरे आले, त्यांना सगळं पहिल्यापासून वाचायचं होतं. दर वेळी पाहणीच्या बाई फोन करून म्हणायच्या, “थोडं थांबावं लागेल.” हे ‘थोडं’ रबरासारखं ताणत गेलं. मध्येच दुसरा फोटो आला. त्यात मुलगी उंच झाली होती आणि या वेळी चक्क हसत होती.

आई नि बायको तो फोटो घेऊन नाचायच्याच बाकी होत्या. कवळीकाका मात्र फोटो दिव्याखाली धरून बघत राहिला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“खालचे पुढचे दोन दात पडलेत तिचे.”

“पडणारच ना. वयच आहे.”

“हो, पण पडले. कुणी धुऊन ठेवले असतील का? तिला भीती वाटली असेल का पहिला दात हलला तेव्हा?” तो जरा थांबला. “मी इथे जगाचे दात बसवत बसलोय, आणि तिचे तिकडे पडतायत.”

बायकोने त्याच्या हातातून फोटो घेतला नाही. ती नुसती त्याच्या शेजारी बसली आणि दोघं मिळून त्या दोन फटी बघत राहिले.

त्यानंतरचा प्रसंग सुट्टीच्या दिवशीच्या सकाळचा. कवळीकाका शिडीवर चढून आपलीसाठी माळ्यावरची जुनी खुर्ची उतरवत होता. बायको खालून सूचना देत होती, म्हणजे साऱ्या गल्लीला त्या ऐकू येत होत्या. पाहणीच्या बाई आल्या, आणि आज त्यांनी सूप मागितलं नाही. त्या दारातच चपला काढत बराच वेळ वाकून राहिल्या. कवळीकाका शिडीवरून ते पाहत होता. त्याला वाटलं, यांनी वर बघूच नये.

“तिची मावशी सापडली,” बाई म्हणाल्या.

“सापडली म्हणजे?” बायकोचा आवाज खाली आला.

“सख्खी मावशी. कामासाठी दूर कुठेतरी होती, बहीण गेल्याचंच तिला उशिरा कळलं. तेव्हापासून पोरीला शोधत होती. या अनाथालयातून त्या अनाथालयात. आता न्यायालयात उभी राहिली आणि म्हणाली, माझी भाची मला द्या.” बाईंनी चपला भिंतीशी सरळ लावल्या. “दिली. परवा घेऊन गेली तिला. मी चौकशी केली. चांगली बाई आहे. पोरगी तिला बिलगली म्हणे, चेहरा आईसारखा आहे म्हणून.”

खुर्ची अजून कवळीकाकाच्या हातातच होती. ती घेऊन उतरायचं की परत माळ्यावर सरकवायची, हे त्याला कळेना. शेवटी तो ती घेऊनच खाली आला, आणि बसायला काहीतरी हवंच होतं म्हणून त्याने ती पाहणीच्या बाईंना दिली.

“बसा,” तो म्हणाला. “तुम्ही तरी किती वेळ उभ्या राहणार.”

बाई त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. मग आईला त्यांच्यासाठी उठून पाणी आणावं लागलं.

त्या रात्री जेवण झालं, पण आईने हात जोडले नाहीत. ती ताटातल्या पावाचे बारीक बारीक तुकडे करत बसली.

“आई, आज काही बोलणार नाही तुम्ही?” बायकोने विचारलं.

“काय बोलू?” आई म्हणाली. “रोज काय मागितलं मी? तिच्या माणसांत पोचव. पोचवलं त्याने. मला वाटलं आपण. त्याला वाटलं मावशी. आता तक्रार करू तर कुठल्या तोंडाने करू?” तिने पावाचा चुरा एका बाजूला ओढला. “बरोबरच केलंय मेल्याने. तेच तर लागतंय मनाला.”

आणि मग कवळीकाकाने घसा खाकरला. त्याने हात जोडले नाहीत. ते जोडावेत की मांडीवर ठेवावेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते टेबलावर पालथे ठेवले, जणू मेण लावायच्या आधी प्लास्टर सपाट करत असावा.

“मी तुझ्याशी कधी बोललो नाही,” तो म्हणाला. “तेव्हा आता काम पडलं म्हणून बोलतोय, असं वाटेल तुला. तसंच आहे. तिच्या मावशीला एवढं सांग, पुढचे पक्के दात येतात तेव्हा वाकडे दिसतात. घाबरायचं नाही. जबडा वाढला की आपोआप सरळ होतात. जिभेने ढकलू देऊ नको म्हणावं, बस. आणि…” त्याला पुढचं सुचेना. “आणि तिला चमचा लागतो हातात. तो काढून घेऊ नका म्हणावं.”

“तसंच होऊ दे,” बायको म्हणाली.

आईने डोळे पदराने टिपले आणि मग एकदम फिसकन हसली. “बघ रे देवा,” ती छताकडे बघून म्हणाली, “पहिल्यांदा बोलला तोही दातांबद्दलच.”

मग तिघंही हसले. हसता हसता बायको उठून आतल्या खोलीत गेली आणि थोडा वेळ बाहेर आली नाही. तिच्या मागे कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तलाव बंद व्हायच्या वेळी एकटीच पोहायला उतरू लागली. एकदा कवळीकाका तिला घ्यायला गेला. काठावर बसून तो तिच्या फेऱ्या बघत राहिला. ती बाहेर आली तेव्हा डोळे लालबुंद होते.

“पाण्यातल्या औषधाने होतात असे,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि टॉवेल पुढे केला.

‘आपली’ हे नाव घरात काही दिवस अडखळत राहिलं. म्हणायचं की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. तो प्रश्नही आईनेच सोडवला. एकदा शेजारणीने विचारलं, “काय मग, तुमची ती पोरगी?” तेव्हा आई म्हणाली, “आपली ना? मावशीकडे आहे. मजेत आहे.” एवढं म्हणून तिने शेजारणीच्या हातात सुपाचं भांडं ठेवलं. माहेरवाशिणीची खुशाली सांगावी, तसंच तिने ते सांगितलं होतं.

पाहणीच्या बाईंनी अगदी चाचरत विचारलं होतं, दत्तकाच्या यादीतलं नाव मागे घ्यायचं का. बायकोने उलट विचारलं, “का? आम्ही कुठे जातोय?” शिवणताईच्या दुकानातली शाळा बंद झाली होती, तीही परत सुरू झाली. शिवणताई म्हणाली, मी तुमच्या पँटी फुकट आखूड करते, पण आजींना ते वाक्य परत शिकवायला लावू नका.

आणि पुढल्या हिवाळ्याच्या तोंडावर बाईंचा फोन आला. या वेळी त्या फार सावधपणे बोलत होत्या. त्याच अनाथालयात एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. म्हणजे तशी मोठी. इतकी मोठी मुलं सहसा कुणी घेत नाही. दोन कुटुंबं बघून गेली, दोन्ही वेळा काही ना काही झालं. आता ती म्हणते, मला कुणाला दाखवू नका, मी इथे बरी आहे. लहान पोरांचं बघते ती तिथे. नुसतं एकदा स्क्रीनवर बोलाल का? तिने हो म्हटलंय, पण दहाच मिनिटं म्हणाली.

“आम्हाला पाचही चालतील,” बायको म्हणाली.

ठरलेल्या वेळी तिघं संस्थेच्या ऑफिसात स्क्रीनसमोर चिकटून बसले. पलीकडे एक सावळी, लांब मानेची मुलगी हाताची घडी घालून बसली होती. तिच्या बाजूला दुभाषी. दिसत होतं की ती चार प्रश्नांची चार उत्तरं देऊन उठायच्या तयारीत आहे. बायकोने जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, कशी आहेस. बरी आहे. कवळीकाकाने विचारलं, काय आवडतं. काही नाही विशेष. दुभाषीलाही कंटाळा आलेला दिसत होता. मग मुलीने तोंडावर हात धरून मोठी जांभई दिली.

आईने ती पाहिली. आणि कुणी थांबवायच्या आत ती पुढे वाकून, अगदी मायेने, एकेक शब्द सुटा करत मुलीच्या भाषेत म्हणाली, “गाढव आलं का?”

कवळीकाकाने डोळे मिटून घेतले.

पलीकडे दुभाषीने खोकल्यासारखं काहीतरी केलं. मुलीच्या हातांची घडी सुटली. तिने स्क्रीनकडे तोंड नेलं, आईला नीट निरखलं आणि गंभीरपणे काहीतरी उत्तर दिलं.

“काय म्हणाली?” बायकोने विचारलं.

दुभाषी हसू आवरत म्हणाला, “म्हणते, अजून नाही आलं. आलं की सांगते.”

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. त्या मुलीने यांचीच चौकशी केली. तुम्ही काय काम करता. दात म्हणजे, खोटे दात? ते रात्री काढून ठेवतात तेव्हा बोलता येतं का? तुमच्या घरी लहान मुलं आहेत का सांभाळायला? नाहीत म्हटल्यावर ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, “मग मी तिथे करू काय?”

बायको म्हणाली, “पोहायला येशील माझ्याबरोबर?” कवळीकाका म्हणाला, “खेळ. शाळेत जा. काहीही कर.” आई दुभाषीला म्हणाली, “तिला म्हणावं, काही करायचं नाही. नुसतं यायचं. सूप फार उरतं आमच्याकडे.”

मुलीने हे ऐकून हाताची घडी परत घातली. पण पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून निरोप पाठवला, आजींना विचारा, गाढव अजून हवंय का.

न्यायाधीश या वेळी रजेवर गेले नाहीत. थंडी ओसरता ओसरता कवळीकाका नि बायको तिला आणायला निघाले. आईचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते. निघताना तिने देवाला दोन्ही हात जोडून सांगितलं, “या वेळी पत्ता नीट सांगते,” आणि गल्लीचं, घराचं, मजल्याचं सगळं वर्णन करून झालं, तेव्हाच तिने डोळे उघडले.

अनाथालय म्हणजे एका टेकाडावरची लांबलचक इमारत. आत ओळीने खाटा, प्रत्येक खाटेजवळ खिळा आणि खिळ्याला टॉवेल. सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना आत नेलं. कवळीकाकाचं लक्ष नकळत खाटांवरून फिरत होतं. यातली कुठली असेल त्या चमचेवालीची? पण तो विचारायला गेला नाही. त्या खाटेवर आता दुसरं कुणीतरी झोपत असणार, आणि ती जिथे आहे तिथे रात्री कुणीतरी तिच्या अंगावर पांघरूण घालत असणार.

मुलगी तयार होऊन बसली होती. स्क्रीनवर दिसायची त्यापेक्षा बारीक होती. बायको तिच्याकडे धावली नाही. इतके दिवस धावायचं ठरवून ठेवलं होतं, तरी दाराशीच थांबली. तलावावरही ती घाबरलेल्या पोराला कधी ओढत नसे. तिने फक्त शिवणताईने शिकवलेलं वाक्य म्हटलं, “मी इथेच आहे.” मुलीने मान डोलावली आणि बोटाने खूण केली, थांबा.

तिने आपल्या खाटेवरची चादर काढून झटकली, परत घातली, कोपरे घट्ट दुमडले. उशी मधोमध ठेवली. खिळ्यावरचा टॉवेल काढून शेजारच्या खिळ्यावर, आधीच्या टॉवेलवर टांगला. मग ती लहान पोरांच्या रांगेपाशी गेली. पोरं उभी होती, कुणी रडत नव्हतं. शेवटच्या एका टिचभर मुलीचं गळ्याशी बटण सुटलं होतं. तिने वाकून ते लावलं, कॉलर सारखी केली, आणि कानात काहीतरी सांगितलं. ती छोटी “हो,” म्हणाली.

तिचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी. कवळीकाका ती उचलायला पुढे झाला, तशी तिने पिशवी पोटाशी धरली. तो लगेच मागे सरला. तिघं व्हरांड्यातून चालू लागले, ती मध्ये, ही दोघं दोन बाजूंना. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण तिची चाल हळू होती. पायऱ्या उतरताना, वाळूच्या वाटेवर, फाटकाशी, कुणी हाक मारली तर ऐकू यावी इतकी हळू.

फाटकाबाहेर उतार लागत होता आणि पिशवी तिच्या गुडघ्यावर आपटत होती. थोडं अंतर ती तशीच चालली. मग थांबली. पिशवीच्या दोन बंदांपैकी एक तिने स्वतःच्या हातात ठेवला, आणि दुसरा काही न बोलता त्याच्यापुढे धरला.

कवळीकाकाने तो घेतला, आणि तिच्या उंचीला बरोबर येईल इतका हात खाली केला.